वतन, रयतावा आणि हक्क : करवीर संस्थानातील महार वतनाचा प्रश्न

शाहूपुरी ही कोल्हापूरची व्यापारी पेठ शाहू छत्रपतींनी १८९५ मध्ये वसविली आणि गुळाच्या व्यापाराने तिचे नाव दूरवर नेले. त्याच कारकिर्दीतील जमिनीविषयीचा दुसरा निर्णय मात्र पेठेसारखा डोळ्यांत भरणारा नाही. १९१८ मध्ये करवीर संस्थानाने महार वतने रद्द केली व त्या जमिनी रयतावा करून दिल्या. मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखणारा २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा सर्वश्रुत आहे; त्यामानाने हा निर्णय उपेक्षित राहिला. तो समजून घ्यावयाचा तर प्रथम काही शब्दांकडे वळले पाहिजे.

'वतन' हा शब्द मूळचा अरबी. त्याचा तेथील अर्थ राहण्याचे ठिकाण, जन्मभूमी. मराठीत मात्र वंशपरंपरागत अधिकार व त्याबद्दलचे उत्पन्न असा अर्थ त्याला प्राप्त झाला. पाटील वतनदार, कुलकर्णी वतनदार आणि महारही वतनदारच. पण शब्द एक असला तरी त्याचा भार एक नव्हता. पाटलाच्या वतनात मान होता, महाराच्या वतनात राबणूक. गावाच्या शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष ग्राह्य धरीत. म्हणजे गावाची भूमी कोठवर, हे तोच सांगे. त्याच्या वाट्याच्या जमिनीला मात्र 'हाडकी-हाडोळा' म्हणत, आणि मेलेल्या जनावराच्या हाडांची आठवण त्या नावातच गोठलेली आहे. आपले बावन्न हक्क महार समाज बेदरच्या पातशहापर्यंत नेऊन भिडवीत असे. या परंपरेची ऐतिहासिकता कशीही असो, हक्क मूळचा आपला आहे ही जाणीव तिच्यात स्पष्ट दिसते.

या हक्काची खरी गोम जमिनीच्या सामाईकपणात होती. वतन एकट्याचे नसे, गावातील सर्व महार कुटुंबांचे असे. पिढ्या वाढत तसतसा प्रत्येकाचा वाटा तुटपुंजा होई. चाकरी मात्र वाटली जात नसे. वाटा गुंठ्यांवर आला तरी सरकारी बोलावण्यास वेळीअवेळी हजर राहणे सर्वांनाच चुकत नसे. रयतावा केल्याने जमिनीचा चाकरीशी असलेला सांधा तुटला. सारा भरावा आणि इतर रयतेप्रमाणे जमीन कसावी, एवढेच बंधन उरले. गुन्हेगार मानलेल्या जातींची हजेरीही १९१८ मध्येच बंद झाली, आणि कुलकर्णी वतनाच्या जागी आलेल्या तलाठ्यांत अस्पृश्य उमेदवारांनाही स्थान मिळाले. जमीन, अब्रू आणि अधिकारपद यांचा असा एकत्र विचार त्या काळी क्वचितच कोणी केला असेल.

मुंबई इलाख्यात १८७४ चा वतन कायदा चालूच राहिला. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये कायदेमंडळात त्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. बलुत्याचे नगदीत रूपांतर व्हावे, आणि ज्यांना चाकरी नको त्यांना पूर्ण सारा भरून जमीन राखता यावी, असा त्याचा रोख होता. ते मंजूर झाले नाही.

येथे ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या भूमिहक्काची तुलना उद्बोधक ठरते. ती भूमी कोणाचीच नव्हती, ही वसाहतवादी कल्पना तेथील सर्वोच्च न्यायालयाने ३ जून १९९२ रोजी माबो खटल्यात अमान्य केली. १९९३ मध्ये त्यावर कायदा झाला. दावा सांगणारे एडी माबो निकालापूर्वीच निवर्तले होते. त्या कायद्यात आपली रूढी आणि भूमीशी असलेला संबंध अखंड आहे, हे दावेदाराने सिद्ध करावे लागते. भारतातील २००६ च्या वनहक्क कायद्यातही आदिवासींखेरीज इतर वननिवासींना तीन पिढ्यांचे वास्तव्य दाखवावे लागते. महार वतनाची स्थिती नेमकी उलट होती. तेथे रूढीच्या अखंडतेचा पुरावा गावोगाव होता, आणि तीच बेडी होती. जुना हक्क मान्य करणे आणि जुन्या हक्कातून सोडविणे, ही दोन्ही कामे कायद्यालाच करावी लागतात. त्यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे १९५८ च्या कायद्याने राज्यातील कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरल्यावर जमीन पूर्वीच्या वतनदारास परत मिळण्याची तरतूद त्यात होती. तथापि जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ती विकता येऊ नये, अशी अटही घातली गेली. महसुली दप्तरात या जमिनी 'इनाम वर्ग ६ ब' या नावाने ओळखल्या जातात.