कुमितेतील प्रतिहल्ला

कुमितेतील प्रतिहल्ला म्हणजे कराटेच्या लढतीत प्रतिस्पर्ध्याचा हल्ला अडवून, चुकवून किंवा तो पूर्ण होण्यापूर्वीच गाठून केलेला प्रहार होय. किहोन (मूलभूत तंत्रे), काता (ठरावीक क्रमाच्या हालचाली) आणि कुमिते (जोडीदाराबरोबरची लढत) ही कराटे-प्रशिक्षणाची तीन अंगे मानली जातात. शोतोकान शैलीचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) यांच्या वीस सूत्रांत, कराटेपटूने प्रथम हल्ला करू नये, अशा आशयाचे एक सूत्र आहे. त्यामुळे प्रतिहल्ल्याला तांत्रिक महत्त्वाबरोबरच नैतिक अर्थही प्राप्त झाला आहे.

वेळ आणि अंतर

प्रतिहल्ल्याचे दोन प्रमुख प्रकार वेळेवरून ठरतात.

• गो नो सेन : हल्ला आधी अडवणे वा चुकवणे आणि प्रतिस्पर्धी पुन्हा सावरण्यापूर्वी प्रहार करणे.
• सेन नो सेन : प्रतिस्पर्ध्याची चाल सुरू होताच, ती पूर्ण होण्याआधी प्रहार करणे.

दोन्ही प्रकारांत उभयतांमधील अंतर (मा-आई) निर्णायक असते. नवशिके बहुधा सरळ रेषेत फार मागे सरकतात. हल्ला चुकतो, पण त्यांचा स्वतःचा प्रहारही पोहोचत नाही. म्हणून गरजेपुतेच मागे सरणे किंवा शरीर तिरके वळवून हल्ल्याच्या रेषेबाहेर जाणे (ताइ-साबाकी) शिकवले जाते. मागच्या हाताचा ठोसा (ग्याकु-झुकी) हे प्रतिहल्ल्याचे सर्वाधिक प्रचलित तंत्र आहे.

सरावाचा क्रम

शोतोकानमध्ये सराव पायरीपायरीने वाढवला जातो. गोहोन कुमितेत हल्लेखोर एकच हल्ला पाच पावले पुढे येत करतो. बचाव करणारा प्रत्येक वेळी अडवतो व शेवटी प्रतिहल्ला करतो. किहोन इप्पोन कुमितेत पूर्वघोषित असा एकच हल्ला असतो. जियू इप्पोन कुमितेतही हल्ला घोषित असतो. मात्र दोघेही मोकळेपणाने हालचाल करत असल्याने त्याचा क्षण अनिश्चित असतो. जियू कुमितेत काहीच पूर्वनियोजित नसते. आधीच्या पायऱ्या घाईने ओलांडल्यास विद्यार्थी हल्ला ओळखण्याऐवजी केवळ बिचकण्याची सवय लावून घेतो.

गुण व नियंत्रण

जागतिक कराटे महासंघाच्या नियमांनुसार ठोशाला १ गुण (युको), धडावरील लाथेला २ गुण (वाझा-आरी) आणि डोक्यावरील लाथेला ३ गुण (इप्पोन) मिळतात. प्रहार नियंत्रित असणे बंधनकारक असते. ऑगस्ट २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या ७५ किलोवरील गटाच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचे तारेग हमेदी ४–१ असे आघाडीवर होते. त्यांच्या उंच लाथेने इराणचे सज्जाद गंजजादे बेशुद्ध पडले. अनियंत्रित प्रहारामुळे हमेदी अपात्र ठरले व सुवर्णपदक गंजजादे यांना मिळाले. अचूक वेळेइतकेच प्रहार आवरण्याचे सामर्थ्यही कुमितेत आवश्यक असते, हे या लढतीतून दिसून आले.