शिळाछाप पोथ्यांतील अक्षर

पेण व रोहें येथील जुनीं दप्तरें पाहतांना हस्तलिखितांच्या जोडीस शिळाछाप पोथ्या वारंवार आढळतात. पेणचा धरमतरच्या व रोह्याचा कुंडलिकेच्या खाडीनें मुंबईशीं जलमार्गाचा व्यवहार असे. त्यामुळें तेथील छापखान्यांच्या पोथ्या इकडे येण्यास अडचण नव्हती. पानें सुटीं व आडवीं, अक्षर हाताचें. शेवटचें पान हरवलें कीं छापखान्याचें नांव व शक दोन्ही जातात. अशा वेळीं जाणताहि फसतो. मी कसा फसलों तें आधीं सांगतों.

रोह्यांत एका घरीं पाहिलेली शिवलीलामृताची पोथी मीं आपल्या यादींत हस्तलिखित म्हणून नोंदली व वळणावरून तिचा काळ पेशवाईच्या अखेरीचा ठरविला. सातव्या अध्यायाच्या दुसऱ्या पानाच्या उजव्या समासांत अंगठ्याचा काळा ठसा होता. तो लेखनिकाचा म्हणून कौतुकानें टिपूनहि ठेवला. दोन वर्षांनीं पेणेंत त्याच ग्रंथाची दुसरी पोथी हातीं आली. तेंच पान, तीच जागा, तोच अंगठा!

ह्याचें कारण शिळामुद्रणाच्या कृतींत आहे. सेनेफेल्डर ह्यानें बव्हेरियांत अठराव्या शतकाच्या अखेरीस ही कला शोधून काढली. मुंबईस गणपत कृष्णाजी ह्यांनीं इ. स. १८३१ मध्यें शिळाछाप मराठी पंचांग काढलें. चुनखडीच्या घोटीव दगडावर स्निग्ध शाईनें उलटें लिहावयाचें, किंवा खळ दिलेल्या कागदावर सुलटें लिहून तो दगडावर दाबून उतरवावयाचा. मग दगड ओला केला म्हणजे कोरी जागा पाणी धरते व अक्षर छापण्याची शाई धरतें. परंतु बोटाचा तेलकटपणा आणि लिहिण्याची शाई ह्यांत दगड भेद करीत नाहीं. लेखनिकाचा हात एकदां टेकला, तो प्रत्येक प्रतींत उमटला.

म्हणून छापासाठीं लिहिणाऱ्यास आपलें वळण बदलावें लागे. फिकी शाई दगडास कळत नाहीं. फार बारीक रेघ छापतांना तुटते. ब, ष, क ह्यांचीं पोटें लहान राहिलीं तर शाईनें बुजतात. तेव्हां अक्षर ठसठशीत, पोटें मोकळीं, अनुस्वार जाड. चित्रांतहि रंगाच्या छटेऐवजीं रेघांची जाळी. ज्या वळणास मी जुनें समजलों तें दगडाकरितां घडविलेलें होतें. शिळाछाप पोथीच्या वळणावरून काळ ठरविणें ह्यामुळेंच धोक्याचें आहे.

ओळख पटविण्यास शाई पाहावी. बोरू बुडविल्यावर अक्षर गडद उमटतें व पुढें फिकें होत जातें. छापांत हा चढउतार नसतो. चुकीवरील हरताळहि पाहावा, पण तेवढ्यावर विसंबूं नये. पोथीच्या मालकानें छापील पानावर मागाहून लावलेला हरताळ मीं पाहिला आहे. कांहीं संग्राहक पाण्याचा थेंब टाकून परीक्षा करतात. असें कोणीं करूं नये! काजळ व डिंकाची शाई पाण्यानें उतरते, आणि पोथी खरोखरच हस्तलिखित निघाली तर परीक्षेंतच अक्षर जातें.

रोह्याची नोंद मीं दुरुस्त केली आहे. पेणच्या प्रतींतहि शेवटचें पान नाहीं. वरील ठशाची संपूर्ण प्रत कोणाच्या संग्रहीं असल्यास तिच्या अखेरचा मजकूर जसाच्या तसा उतरून पाठवावा, ही विनंती.