पुलमनच्या डब्यातली टिप

१९१५ साली अमेरिकी सरकारच्या औद्योगिक संबंध आयोगापुढे सत्तरी ओलांडलेले एक श्रीमंत गृहस्थ साक्षीला आले. नाव रॉबर्ट टॉड लिंकन. गुलामगिरी संपवणाऱ्या अब्राहम लिंकन यांचे ते थोरले चिरंजीव, आणि रेल्वेचे शयनयान डबे चालवणाऱ्या पुलमन कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष. आयोगाला विचारायचं होतं ते डब्यांतल्या कृष्णवर्णीय पोर्टरांच्या पगाराबद्दल. तो होता महिन्याला साडेसत्तावीस डॉलर. एवढ्यात कुटुंब चालणार नाही, हे सगळ्यांनाच दिसत होतं. उरलेली भर प्रवाशांच्या टिपेतून पडायची. रास्त पगार आणि प्रत्यक्ष पगार यांतला फरक जनता भरते, म्हणजे टिपेची थेट लाभार्थी कंपनीच आहे, हे लिंकन यांनी मान्य केल्याचं आयोगाने आपल्या अहवालात नोंदवून ठेवलं.

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलामुलींना हा अहवाल ठाऊक असण्याचं कारण नाही, पण त्यातला हिशेब त्यांच्यापुढे पहिल्याच आठवड्यात येतो. जेवण झालं की बिलाखाली एक रिकामी ओळ असते, नाहीतर कार्डाच्या यंत्रावर अठरा, वीस, पंचवीस टक्के असे आकडे झळकतात. न्हावी, टॅक्सीवाला, घरी जेवण पोचवणारा, सामान हलवणारे, सगळ्यांचा दर वेगळा आणि तो कुठे लिहिलेला नसतो. पुण्या-मुंबईत बडीशेपेच्या वाटीत सुटे पैसे ठेवून उठलं की भागतं. अमेरिकेत कमी टिप ठेवणं म्हणजे समोरच्याच्या मजुरीतून पैसे कापणं ठरतं. ही रीत निव्वळ शिष्टाचारातून आलेली नाही. ती आली त्या वाटेवरचा सर्वांत मोठा मुक्काम म्हणजे पुलमनचा डबा.

टिप मुळात अमेरिकेची नव्हे. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये एखाद्या उमरावाकडे जेवायला गेलेल्या पाहुण्याला निघताना दाराशी रांगेत उभ्या नोकरांच्या हातावर नाणी ठेवावी लागत. काहींना हे आमंत्रण परवडेनासं झालं होतं. जोनास हॅनवे या व्यापाऱ्याने १७६०च्या सुमारास या प्रथेविरुद्ध पत्रं लिहून छापली. मालक मंडळींनी ती बंद करायचं ठरवलं, तेव्हा १७६४ साली लंडनच्या रॅनेला बागेत नोकरांनी दंगल केली. तिकडेही मालक पगार कमी ठेवत आणि पाहुण्यांवर विसंबत, म्हणून नोकर इतके चिडले होते.

अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर, म्हणजे १८६५ नंतर, तिथले नवश्रीमंत आगबोटीने युरोप फिरायला जाऊ लागले आणि परतताना ही सवय घेऊन आले. बऱ्याच अमेरिकनांना ती खटकली. राजे-सरदारांना झुगारून दिलेल्या देशात एका नागरिकाने दुसऱ्यापुढे हात पसरावा, हे त्यांना आपल्या लोकशाहीला न शोभणारं वाटे. तरीही ती रुजली, कारण त्याच वर्षांत चाळीस लाख माणसं गुलामीतून मोकळी झाली होती आणि त्यांना काम हवं होतं.

जॉर्ज पुलमन यांनी १८६७ साली शिकागोत कंपनी काढली. मखमली बैठका, लाकडी नक्षी, रात्री खाली ओढले की बिछाने होणारे बर्थ. डबे पुलमनचे, नोकर पुलमनचे. रेल्वे कंपन्या ते डबे आपल्या गाड्यांना जोडत. या फिरत्या हॉटेलात सेवेसाठी पुलमन यांनी ठरवून दक्षिणेतले मुक्त झालेले गुलाम घेतले. ते राबायची सवय असलेले, आणि कमी पगारात मिळणारे. मध्यमवर्गीय गोऱ्या प्रवाशालाही एका रात्रीपुरता घरंदाज मालकाचा थाट मिळे, तोही तिकिटाच्या पैशांत. १९२०च्या दशकापर्यंत देशात सर्वाधिक कृष्णवर्णीय पुरुषांना नोकरी देणारी कंपनी पुलमनच होती.

पोर्टरचं काम समजून घेतल्याशिवाय त्या टिपेचं वजन कळत नाही. गाडी सुटायच्या कित्येक तास आधी येऊन डबा लावायचा, चादरी मोजायच्या, प्रवाशांना चढवायचं. पगाराचं घड्याळ मात्र गाडी हलल्यावर सुरू होई. महिन्याला ४०० तास किंवा ११,००० मैल भरले पाहिजेत. रात्री सगळे झोपले की बर्थखालचे बूट गोळा करून चमकवायचे. पॉलिशचे पैसे पोर्टरचे स्वतःचे. जेवण स्वतःच्या खर्चाने. एखाद्या प्रवाशाने टॉवेल पळवला तर भरपाई याच्या पगारातून. झोपायला धूम्रपानाच्या खोलीतला कोच, तोही दोन-तीन तास. प्रवासी म्हणून कंपनीचे गुप्त तपासनीसही बसत, त्यामुळे चेहऱ्यावरचं हसू उतरवायची सोय नव्हती. आणि या सगळ्याचं मोल सकाळी उतरताना प्रवासी ठरवणार. पाव डॉलर, दहा सेंट, किंवा काहीच नाही.

बहुतेक प्रवासी प्रत्येक पोर्टरला ‘जॉर्ज’ म्हणूनच हाक मारत. जॉर्ज पुलमनचा माणूस, म्हणून जॉर्ज. गुलामांना मालकाच्या नावाने ओळखायची जुनी पद्धत होती, तिचाच हा अवशेष. १९१४ साली एका लाकूड व्यापाऱ्याने पोर्टरांना जॉर्ज म्हणू नये यासाठी गमतीने एक संस्था काढली. त्याचं स्वतःचं नाव जॉर्ज होतं, आणि ज्यांचं नाव खरोखर जॉर्ज आहे अशा गोऱ्यांचा यात अपमान होतो, हा त्याचा मुद्दा होता. मोठमोठ्या लोकांनी सदस्यत्व घेतलं. पोर्टरला त्याच्या नावाने हाक मारली जावी यासाठी मात्र पोर्टरांनाच भांडावं लागलं.

त्याच काळात टिपेविरुद्ध कायदेही झाले. वॉशिंग्टन राज्याने १९०९ साली टिप देणं-घेणं गुन्हा ठरवलं. पाठोपाठ मिसिसिपी, आर्कान्सा, आयोवा, दक्षिण कॅरोलिना आणि टेनेसी. १९१६ साली विल्यम स्कॉट यांनी टिपेच्या विरोधात अख्खं पुस्तकच लिहिलं. पण कायदे पाळले गेले नाहीत. आयोवाचा न्यायालयाने रद्द केला, बाकीचे १९२६ पर्यंत मागे घेतले गेले. या सगळ्या कायद्यांचा रोख टिपेवर होता, पगार न देणाऱ्या मालकावर नव्हता. ते टिकले नाहीत यात नवल नाही.

पोर्टरांनी मात्र नेमका पगाराचाच मुद्दा धरला. २५ ऑगस्ट १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये त्यांची संघटना उभी राहिली. नेतृत्वासाठी त्यांनी मुद्दाम बाहेरचा माणूस निवडला: ए. फिलिप रँडॉल्फ, एका मासिकाचे संपादक. रँडॉल्फ कधीच पोर्टर नव्हते, त्यामुळे कंपनी त्यांना नोकरीवरून काढू शकत नव्हती. मागण्या होत्या महिन्याला २४० तास, दीडशे डॉलर पगार आणि टिपेवर जगण्यातून सुटका.

यातली शेवटची मागणी धाडसाची होती. सगळ्या पोर्टरांना ती रुचली नाही. मोठ्या शहरांमधल्या श्रीमंत गाड्यांवर काम करणाऱ्याला टिपेतून बरे पैसे सुटत, आणि कृष्णवर्णीयांच्या वस्तीत पोर्टरची नोकरी मानाची समजली जाई; कडक इस्त्रीचा गणवेश, देशभर प्रवास, घरी वर्तमानपत्रं. ‘शिकागो डिफेंडर’ हे कृष्णवर्णीयांचं वृत्तपत्र दक्षिणेत गुपचूप पोचवण्याचं कामही पोर्टरच करत. हातात पडणारी नाणी सोडून अजून न मिळालेल्या पगारावर विश्वास ठेवा, हे सांगणं सोपं नव्हतं. रँडॉल्फ यांचं म्हणणं असं की, ज्याची भाकरी दुसऱ्याच्या लहरीवर अवलंबून आहे, त्याला ताठ मानेने उभं राहता येत नाही.

१९२७ साली संघटनेने एक वेगळीच चाल खेळली. आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे तिने अर्ज केला की, टिपेच्या आशेवर नोकर ठेवून पुलमन कंपनी प्रवाशांकडून तिकिटाव्यतिरिक्त छुपं भाडं वसूल करते आणि टिप देणाऱ्या-न देणाऱ्यांत भेदभाव होतो. टिपेकडे नीतीच्या प्रश्नाऐवजी भाड्याचा प्रश्न म्हणून पाहणारा हा अर्ज आजही वाचण्यासारखा आहे. पुढच्या वर्षी आयोगाने तो आपल्या अधिकारात येत नाही म्हणून फेटाळला. कंपनीने कार्यकर्त्यांना कामावरून काढलं, काही डब्यांवर फिलिपिनो नोकर आणून बसवले. सभासद घटत गेले. १९३४ साली रेल्वे कामगार कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा संघटनेला श्वास घेता आला, आणि २५ ऑगस्ट १९३७ रोजी, स्थापनेला बरोबर बारा वर्षं होत असताना, करार झाला. ४०० तासांचे २४० झाले, पगार वाढले. अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या कंपनीने कृष्णवर्णीयांच्या संघटनेशी केलेला हा पहिलाच करार. पुढे १९५५ साली माँटगोमेरीत, बसमधली जागा सोडायला नकार दिल्याबद्दल अटक झालेल्या रोझा पार्क्स यांना जामिनावर सोडवायला धावलेले ई. डी. निक्सन हे पुलमन पोर्टरच होते.

स्थानकांवरच्या लाल टोपीवाल्या हमालांचं नशीब मात्र वेगळं निघालं. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी देशात किमान वेतनाचा पहिला राष्ट्रव्यापी कायदा लागू झाला: तासाला २५ सेंट. तोवर हे हमाल निव्वळ टिपेवर जगत, पगार शून्य. आता पगार द्यावा लागणार म्हटल्यावर रेल्वे कंपन्यांनी तोडगा काढला. हमालाने दिवसभरात मिळालेली टिप नोंदवायची. ती किमान वेतनाएवढी भरली तर कंपनी एक पैसाही देणार नाही, कमी पडली तर तेवढाच फरक देईल. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९४२ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला. प्रवाशाने हमालाला खुशीने दिलेलं नाणं कायद्याच्या हिशेबात मालकाने दिलेला पगार ठरलं.

हॉटेल-उपाहारगृहांचे कामगार १९३८च्या कायद्यात नव्हतेच. १९६६ साली त्यांना आत घेतलं, पण मालकांच्या दबावाखाली एक सवलत ठेवून: किमान वेतनाच्या निम्म्यापर्यंतची रक्कम टिपेतून वळती करायची मुभा. १९९१ साली किमान वेतन सव्वाचार डॉलर होतं, म्हणून टिपवाल्या कामगाराला मालकाकडून तासाला २ डॉलर १३ सेंट. १९९६ साली संसदेने किमान वेतन वाढवलं आणि हा आकडा तिथेच गोठवला. २००९ पासून राष्ट्रीय किमान वेतन सव्वासात डॉलर आहे; टिपवाल्यांचे २ डॉलर १३ सेंट अजून तसेच. टिप कमी पडली तर फरक मालकाने भरायचा असा नियम आहे, पण तो मागायला जाणाऱ्याला पुढच्या आठवड्यात कुठल्या पाळ्या मिळतील याची काळजी असते. शिष्टाचाराच्या जुन्या पुस्तकांत उपाहारगृहासाठी दहा टक्के पुरेसे मानलेले असत. आज वीसची अपेक्षा असते.

कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन, नेव्हाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का या सात राज्यांत ही सवलत नाही. तिथे टिप वेगळी आणि पूर्ण किमान वेतन वेगळं. सिअ‍ॅटलच्या मराठी मुलाने आणि टेक्ससच्या मराठी मुलीने एकाच टक्क्याने टिप दिली, तरी दोन वेटरांच्या घरी जाणारे पैसे सारखे नसतात. बिलावर हे कुठेही छापलेलं नसतं.

सुधारणेचे प्रयत्न झाले. न्यूयॉर्कचे नामवंत उपाहारगृह मालक डॅनी मायर यांनी २०१५ साली टिप बंद करून पदार्थांच्या किमती वाढवल्या. महासाथीच्या धक्क्यात २०२० साली त्यांना माघार घ्यावी लागली. २०२५च्या कायद्याने काही वर्षांपुरती वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतची टिप आयकरातून वजा करायची मुभा मिळाली, म्हणजे करात सूट आली आणि पगार होता तिथेच राहिला. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०२४ साली पूर्ण वेतनाचा प्रस्ताव फेटाळला. चांगल्या भागांत काम करणारे कितीतरी वेटरही विरोधात होते. पूर्ण पगार आला की टिप आटेल, ही त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही. शंभर वर्षांपूर्वी श्रीमंत गाड्यांवरच्या पोर्टरांनाही तेच वाटलं होतं. पुलमनचं मुख्यालय जिथे होतं त्या शिकागोत नगरपरिषदेने २०२३ साली वेगळी वाट धरली: टिपवाल्यांचं कमी वेतन पाच वर्षांत, दरवर्षी थोडं थोडं वाढवत, २०२८ पर्यंत इतर कामगारांच्या बरोबरीला आणायचं. उपाहारगृह मालकांच्या संघटना त्या ठरावाविरुद्ध झगडत राहिल्या.