झाडीबोलीचें संमेलन

वैनगंगेच्या कांठचा भंडारा जिल्हा तलावांसाठीं व धानासाठीं प्रसिद्ध आहे. परंतु या भागांत तेथल्या बोलीचें स्वतंत्र साहित्यसंमेलनही भरतें, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत सुरू झालेल्या या झाडीबोली-संमेलनांपैकीं एकास आम्ही एक दिवस एका मित्रासमवेत गेलों होतों. मित्र मूळचे याच मुलखांतले. त्यांची सारी हयात शाळेंत मराठी शिकविण्यांत गेली.

झाडीबोलींत ‘ण’ नाहीं, त्याच्या जागीं ‘न’ येतो. ‘ळ’च्या जागीं बहुधा ‘र’. पाण्याचें ‘पानी’ होतें व डोळ्याचा ‘डोरा’. मुलांच्या वह्यांतील असे शब्द मित्रांनीं वर्षानुवर्षें तांबड्या शाईनें खोडले होते. मंडपांत तेच शब्द कवितेंतून ऐकूं येत होते, आणि समोर बसलेले शेतकरी माना डोलवीत होते. मित्र बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, “माझी आई असेंच बोलत असे. मीं पहिली चूक दुरुस्त केली ती तिचीच.”

कोणाची वाणी सभेंत बसण्यास योग्य, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. महादेव गोविंद रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकारानें १८७८ सालीं पुण्यास ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ च्या सभेचें निमंत्रण मात्र जोतीराव फुल्यांनीं नाकारलें. ज्यांना सर्व माणसांचे हक्क मान्य नाहींत, त्यांच्या सभांशीं आपला मेळ बसत नाहीं, असें त्यांनीं कळविलें.

बोलींचीं वेगळीं संमेलनें भरल्यानें मराठीचीं शकलें होतील, अशी भीति कोणी घालील. इतिहास उलट साक्ष देतो. तेराव्या शतकांत भंडाऱ्याचे निळभट्ट भांडारेकार श्रीचक्रधरांचे अनुयायी झाले. त्या स्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनीं माणसांमाणसांकडून ऐकून ‘लीळाचरित्रा’त जुळविल्या, मराठीचा आद्य गद्यग्रंथ असा लोकांच्या बोलण्यांतून जन्मला. पुढें केशिराजांनीं संस्कृतांत रचना करूं नये, कारण पंथांतल्या म्हाताऱ्या बाया तिला पारख्या होतील, असें नागदेवाचार्यांनीं त्यांना बजावलें. त्या काळीं जी मराठी ‘बोली’ होती, तीच आज दुसऱ्या बोलींना अशुद्ध म्हणूं लागली आहे!

एका प्रमाणभाषेची गरज आम्ही नाकारीत नाहीं. परीक्षेंत ‘पाणी’च लिहावें लागेल. परंतु ‘पानी’ म्हणणारें मूल चुकत नसून आपल्या घरची भाषा बोलत आहे, एवढें तरी शिक्षकानें त्यास सांगावें. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनीं या बोलीचा शब्दकोश रचून तिला अभ्यासाचा मान मिळवून दिला, तो याचसाठीं मोलाचा.

संध्याकाळीं परत निघतांना मित्रांनीं तो कोश विकत घेतला. मोटारींत बसल्यावर ते त्यांतले शब्द एकामागून एक मोठ्यानें वाचूं लागले. पुष्कळ शब्दांचे अर्थ पाहण्याची त्यांना गरज पडली नाहीं.