ग्राम्य शब्द आणि कोशाचे दार

शब्दांची शिष्ट आणि ग्राम्य अशी विभागणी करून एकाला माजघरात घ्यावे व दुसऱ्याला अंगणातच थोपवावे, ही रीत सर्वच सुशिक्षित समाजांत आढळते. इंग्रजी समाजही तिला अपवाद नव्हता. तथापि त्या भाषेच्या कोशांचा इतिहास चाळला असता, अंगणातील पुष्कळ पाहुणे कालांतराने घरचे झाल्याचे आम्हांस दिसते.

'मॉब' हा शब्द घ्या. चंचल जनसमूह या अर्थाच्या 'मोबिले व्हल्गस' या लॅटिन शब्दजोडीला सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी तोडून हे लहानसे रूप दिले. जोनाथन स्विफ्ट याने १७१० साली 'टॅटलर' पत्रात अशा लांड्या शब्दांवर कडक टीका केली. पण १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनचा कोश प्रसिद्ध झाला, तेव्हा 'मॉब' त्यात होता. फसवणे या अर्थाच्या 'बांबूझल'लाही जॉन्सनने जागा दिली; मात्र गंभीर लेखनात तो चालत नाही, असा शेरा मारून. आज तो शेरा कोणाच्या स्मरणात नाही, शब्द मात्र जिवंत आहे.

जॉन्सनने ज्यांना दारातच अडवले, त्यांच्यासाठी फ्रान्सिस ग्रोस याने १७८५ साली निराळाच कोश काढला. हा गृहस्थ लष्करात कॅप्टन होता आणि पुराणवस्तूंचा अभ्यासक होता. रात्री लंडनच्या गल्ल्यांतून हिंडून सैनिक, खलाशी व चोर यांच्या तोंडची भाषा त्याने टिपली. त्या काळी 'स्नॉब' म्हणजे चांभार. पुढे केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी तो शब्द गावकऱ्यांना हिणवण्यासाठी वापरला आणि थॅकरेच्या १८४८ च्या पुस्तकाने त्याला प्रतिष्ठेच्या मागे धावणारा हा अर्थ रूढ करून दिला. कनिष्ठाला उद्देशून निघालेली शिवी अशी वरच्या पायरीवरच्यांना जाऊन चिकटली!

इंग्रजीच्या या अंगणात आमचेही शब्द शिरले. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा १८८६ चा कोश अशाच शब्दांचा आहे. लूट, चिठ्ठी हे शब्द त्या वाटेने इंग्रजीत गेले. 'विलायती'चे गोऱ्या शिपायांच्या तोंडी 'ब्लायटी' झाले. आमच्या लेखी विलायत म्हणजे परमुलूख. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत त्याच शब्दाचा अर्थ 'आपले घर' असा झाला, आणि जी जखम शिपायाला मायदेशी धाडील, तिलाही 'ब्लायटी' म्हणू लागले. केवळ व्युत्पत्ती सांगणाऱ्याला या शब्दातील व्याकुळता कशी कळावी? ती शिपायांच्या प्रयोगातच होती.

१८८४ ते १९२८ या काळात प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या महाकोशानेही काही अश्लील शब्द वगळले होते. त्यांतील अनेकांना १९७२ पासून निघालेल्या पुरवणीत प्रवेश मिळाला. शब्द लोकांच्या तोंडी शतकानुशतके होतेच. धैर्य काय ते कोशकारांनी मागाहून दाखवले.

आमच्या प्रांतात हे धैर्य फार पूर्वी दाखवणारा एक पुरुष होऊन गेला. गोव्यातील आसगाव येथे १८५५ साली जन्मलेले मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद यांनी आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध केला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९३६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत निघाले. पगार, चावी, बटाटा, तुरुंग हे शब्द बंदरांतून, स्वयंपाकघरांतून आणि कचेऱ्यांतून मराठीत आले. आज त्यांना परके म्हणण्यास कोण धजेल?

असे असता बेळगावच्या मराठीतील कानडी वळण, इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठीतील हिंदी छटा किंवा गोव्याच्या बोलीतील फिरंगी शब्द ऐकून नाक मुरडणारे लोक आढळतातच. अशांच्या भीतीने घरची मुले आजीचे शब्द उच्चारीनाशी होतात, आणि ते शब्द तिच्याबरोबरच जातात. कोशात शेरा मारून का होईना, नोंदलेला शब्द पुढच्या पिढीच्या हाती लागतो. न नोंदलेल्याचा मागही उरत नाही. म्हणून शुद्धाशुद्धाचा निवाडा काळावर सोपवून प्रथम टिपणवही हाती घ्यावी, एवढेच आमचे वाचकांपाशी मागणे आहे.