कंदिलाचा वर्ग

परवा घर आवरताना आईची पाटी सापडली. कोपरा फुटलेला, चौकट शाबूत. सगळं आठवलं...

२ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. आमचं कळमनुरीकडचं गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात. हिंगोली जिल्हा झाला १९९९ साली. कार्यक्रमाचा भर १५ ते ३५ वयोगटावर. रात्री मारुतीच्या देवळात कंदील लावून वर्ग भरायचा. आई पाटी घेऊन आत, वय उलटलेली आजी पायरीवर! आई बाराखडी शिकली अन् वर्ग बंद पडला. पुढे वाचायला हाती काहीच नव्हतं. दोनेक वर्षांत उरली फक्त सही.

मग १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता अभियान. २००९ साली साक्षर भारत, त्यात आमचा जिल्हा होता. ग्रामपंचायतीगणिक दोन प्रेरक, मानधन महिना २००० रुपये. मार्च २०१८ मध्ये तेही संपलं. २०२२ पासून नवभारत साक्षरता.

दर वेळी नाव नवं आणि सुरुवात पुन्हा 'अ' पासून.

अंगठा गेला, हे थोडं नाही. बँकेत सही करताना आईची मान ताठ असते. पण कशावर सही केली, ते ती अजून मलाच विचारते.