बागाईतदाराची वादळवही : नगर जिल्ह्यातील बागा, गारा आणि स्मरण

१/
अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या शहराच्या इतिहासाचा आरंभ एका बागेपाशी होतो. १४९० साली मलिक अहमदने बहमनी फौजेचा पराभव केला आणि विजयाच्या जागी ‘बाग निजाम’ उभारली. पुढे त्याच परिसरात भुईकोट किल्ला उभा राहिला. हश्त बिहिश्त बाग व १५८३ साली पूर्ण झालेला फराहबाग ही याच परंपरेची अपत्ये होत. या बागांना दुरून खापरी नळांनी पाणी आणलेले होते.

२/
निजामशाहीने पाण्याचा प्रश्न सोडवला; वाऱ्याचा आणि गारांचा प्रश्न मात्र कोणत्याच राजवटीला सुटला नाही. जिल्ह्याची रचनाच तशी आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यातील घाटघरला पाऊस धो धो कोसळतो. पूर्वेकडच्या पट्ट्यात वर्षाकाठी सुमारे ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. जिथे पाऊस कमी, तिथे तो बहुधा वादळाच्या पाठीवर बसूनच येतो.

३/
प्रवरेच्या पाण्याने बागाईत वाढली. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्या सुमारास सासवडकडचे माळी बागाईतदार गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या पट्ट्यात येऊन ऊस व फळबागा पिकवू लागले. कोरडवाहू शेतकऱ्याचे नुकसान एका हंगामाचे असते. बागाईतदाराचे तसे नाही. झाड मोडले की त्यावर घातलेली अनेक वर्षे एका दुपारीत जातात.

४/
म्हणून वादळाची तयारी हा बागेच्या कामाचाच भाग झाला. पानमळ्याभोवती शेवरी, हादगा यांची दाट रांग लावावी. तीच वेलीला आधार देते व वारा अडवते. द्राक्षमांडवाचे ताण आवळावेत. डाळिंबाच्या लगडलेल्या फांद्यांना बांबू व सुतळीचा आधार द्यावा. चर मोकळे करावेत. पक्व माल वेळेआधी उतरवावा. ही सारी कामे आभाळ काळे होण्यापूर्वीच करावी लागतात.

५/
पण ‘पूर्वी’ म्हणजे केव्हा? हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. त्याआधी आणि त्यानंतरही कित्येक वर्षे गावाचा आधार होता तो नक्षत्रांचा, पंचांगातील वाहनांचा आणि सहदेव-भाडळीच्या नावाने चालत आलेल्या ठोकताळ्यांचा. विदर्भात तर ‘गारपगारी’ हा स्वतंत्र व्यवसायच होता. मंत्रतंत्राने गारा दुसरीकडे वळवणाऱ्या या माणसाला गावाकडून मोबदला मिळे. त्याचा मंत्र चालत असो वा नसो, गारपीट हा वर्षाच्या खर्चात धरण्याचा धोका आहे, हे त्या गावांनी ओळखले होते.

६/
नगरच्या बागाईतदाराचा खरा ठोकताळा डाळिंबाच्या बहरात दडलेला आहे. आंबिया बहराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात. त्याची फळे एप्रिल-मे महिन्यांतील वळिवाच्या वाऱ्यात झाडावर असतात. मृग बहर जून-जुलैत फुलतो आणि पावसाळी रोगांना तोंड देतो. हस्त बहर सप्टेंबर-ऑक्टोबरात धरला की फळे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उतरतात. कोणता बहर धरायचा हे ठरवताना पाणी व बाजारभाव यांच्याबरोबर कोणत्या वादळाला सामोरे जायचे, हेही ठरत असते.

७/
हा हिशेब २०१४ साली मोडला. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात पुनःपुन्हा गारपीट झाली. नगर जिल्ह्यालाही तिचा तडाखा बसला. द्राक्षांचे घड काढणीला आले होते, हस्त बहराचे डाळिंब झाडावर होते, गहू, हरभरा व कांदा शेतात उभा होता. एरवी गारपीट गावाच्या एखाद्या पट्ट्यावरून जाते व शेजारचा शिवार कोरडा राहतो. या वेळी आठवड्यामागून आठवडे ती नवनवे शिवार शोधत राहिली.

८/
गारांचे नुकसान गारा वितळल्यावर संपत नाही. डाळिंबाच्या फांद्यांवर व फळांवर ज्या जखमा होतात त्यांतून ‘तेल्या’ या जिवाणूजन्य रोगाला वाट मिळते. त्यामुळे मोडलेल्या फांद्या छाटणे, जखमांवर बोर्डोचा लेप देणे, ही कामे दुसऱ्याच दिवशी सुरू करावी लागतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘भगवा’ हा लोकप्रिय वाण दिला. पण गारा सोसणारे डाळिंब कुणालाही घडवता आलेले नाही.

९/
दुसरा धक्का समुद्राकडून आला. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन परिसरातील नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. घाट चढून आल्यावर वादळाचा जोर ओसरला, तरी पुणे, नगर व नाशिक जिल्ह्यांना वाऱ्याने आणि पावसाने झोडपले. समुद्रापासून दूर राहणाऱ्या नगरकराला चक्रीवादळ ही किनारपट्टीची गोष्ट वाटत असे. त्या दिवशी सह्याद्री ओलांडून ती त्याच्या दारी आली.

१०/
‘निसर्ग’च्या निमित्ताने एक जुनी कथा पुन्हा फिरली. १८८२ साली मुंबईत चक्रीवादळाने लाखभर माणसे मारली, अशी ती कथा. अभ्यासकांनी नोंदी तपासल्या तेव्हा असे वादळ झालेच नव्हते, हे स्पष्ट झाले. नोव्हेंबर १९४८ चे मुंबईचे वादळ आणि नोव्हेंबर २००९ चे ‘फयान’ ही मात्र खरी; त्यांची आठवण तुलनेने फिकी आहे.

११/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचार करावा. जे वादळ झाले नाही, त्याच्या मृतांचा आकडा सर्वांना ठाऊक असतो. जे झाले, ते तलाठ्याच्या पंचनाम्यात, पैसेवारीच्या कागदात आणि एखाद्या घरी बदललेल्या बहरात उरते. मोठी आपत्ती शहरावर आली तर तिला नाव मिळते. गारपिटीला नाव नसते. तिची गणना गट क्रमांकाने होते.

१२/
या कागदांचे मोल केवळ नुकसानभरपाईपुरते नाही. कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, कोणत्या पिकावर गारा पडल्या याची सलग मालिका मिळाली, तर बहराचा जुना ठोकताळा आजही टिकतो का, हे पडताळता येईल. आठवण म्हातारी होते, अतिशयोक्तही होते. तिच्या शेजारी दिनांक घातलेला पंचनामा ठेवला, तरच पुढच्या फेब्रुवारीत आभाळ भरून येईल तेव्हा माल आज उतरवावा की चार दिवस थांबावे, या प्रश्नाला ऐकीव कथेपेक्षा बरे उत्तर मिळेल.